खंड्याची पंगत

मार्गशीर्ष सरत आला की धाराशिवात आमच्या गल्लीतली माणसं एकेक करून गावाकडं पांगायला लागतात. येळवशीच्या दिवशी तर दुकानं बंद, रस्ते मोकळे, आणि एस.टी. स्टँडावर डबे-घागरी घेतलेल्या बायकांची ही गर्दी. कॅलेंडरात तिचं नाव वेळ अमावस्या आहे, पण आमच्याकडं ते नाव कुणी उच्चारत नाही. सोलापूर-लातूरच्या पल्याडच्या माणसाला हा सण समजावताना मी एवढंच सांगते : ज्वारी निसवायला, कणीस टाकायला आलेली असते, हरभऱ्याला घाटे धरलेले असतात, आणि त्या दिवशी घरात कुणी जेवत नाही, सगळं गाव रानात जेवतं. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करायची, तिच्यात पाच दगड मांडून पुजायचे, आणि मग आंबील, पालेभाज्या-डाळींची घोटलेली भज्जी, बाजरीचे उकडलेले उंडे, खीर. ज्याला रान नाही तो ज्याला आहे त्याच्या रानात जातो. वाटेनं जाणाऱ्यालासुद्धा हाक मारून जेवायला बसवतात.

मला रान नाही. कधीच नव्हतं. तरी या दिवसांत मला घरात बसवत नाही. मातीच्या मडक्यात आंबील आंबायला लागली की जो एक गार, आंबूस वास सुटतो, तो शेजारच्या स्वयंपाकघरातून भिंत ओलांडून येतो आणि मी उठून उगाच गॅलरीत जाते.

गॅलरीतून सध्या एक करमणूक दिसते. खालच्या घरातल्या नवरा-बायकोनं एक गुबगुबीत पिवळा कुत्रा आणलाय. त्याला शिकवायला दर रविवारी सोलापुराहून एक मास्तर येतो. गळ्यात शिट्टी, कमरेला बिस्किटांची थैली. तो इंग्रजीत हुकूम सोडतो, कुत्रा थैलीकडं बघतो, मालकीणबाई त्याचा फोटो काढतात. मास्तरची फी ऐकून मी चष्मा पुसला. मी अडतीस वर्षं पोरांना शिकवलं, एकदा एका कुत्र्याला शिकवलं, आणि मांजराला शिकवायचा नाद पहिल्याच वर्षी सोडला. त्यामुळं वरून सल्ला द्यायची फार इच्छा होते. अजून तरी दिलेला नाही.

माझा विद्यार्थी होता खंड्या. काळा, छातीवर मूठभर पांढरा डाग, आणि डावा कान अर्धा मोडलेला. ज्या वर्षी तो माझ्याकडं होता त्या वर्षी येळवस झालीच नव्हती, कारण रानात काही नव्हतं. बहात्तरचा दुष्काळ. वाशीपासून चार कोसांवरच्या एका गावात मला नुकतीच नोकरी लागली होती. वय एकोणीस, दोन लुगडी, एक पत्र्याची ट्रंक. आम्ही बौद्ध. वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा मी तीन वर्षांची होते. मास्तरीण म्हणून गावानं मला मान दिला, यात शंका नाही. सगळे बाई-बाई म्हणून बोलायचे. फक्त भाड्यानं खोली मिळेना. कुणीही नाही म्हटलं नाही. पण मी जिथं जिथं विचारलं, त्या त्या घरी नेमके त्याच आठवड्यात पाहुणे येणार होते. एवढ्या दुष्काळात गावात इतके पाहुणे येतात कसे, हे कोडं मी चेहरा साधा ठेवून सोडवलं आणि शाळेचीच कडेची खोली झाडून घेतली.

खोलीत माझ्या आधी एक मांजर राहायला आलेलं होतं. खरं तर ते मांजर दूध सोसायटीचं. शाळेच्या भिंतीला लागून सोसायटीची खोली होती. बाहेर निळ्या अक्षरांतली पाटी, आत उपडे घातलेले कॅन. गावातली जनावरं छावणीला गेली, उरली ती आटली, आणि सोसायटीला कुलूप लागलं. सेक्रेटरी वाशीला निघून गेले. पण ही करड्या पट्ट्यांची मांजर रोज पहाटे दूध घालायच्या वेळेला त्या कुलपासमोर येऊन बसायची, तासभर वाट बघायची आणि मग माझ्या खोलीत येऊन माझ्याकडं अशी बघायची की संस्था मीच बुडवली. तिचं नाव मी सेक्रेटरी ठेवलं. तिला मी काहीही शिकवू शकले नाही. ‘नको’ म्हटलं की ती डोळे मिटायची. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. ही डोळे मिटून माझी पातळ आमटी प्यायची.

दिवाळी झाली आणि ऊसतोडीचा ट्रक आला. शाळेसमोर दगडूमामा आणि हौसामावशी यांचं घर होतं. चार एकर कोरडवाहू, पोटी मूलबाळ नाही, आणि दारात हा खंड्या. त्या वर्षी विहिरीला पाणी नाही तर रानात काय करायचं? त्यांनी जायचं ठरवलं. आदल्या दिवशी दगडूमामा शाळेच्या पायरीशी येऊन उभे राहिले. उंच माणूस, मिशा पिकलेल्या, बोलताना नजर समोरच्याच्या पायाशी.

“बाई, एक काम हाय. ट्रकवाला कुत्रं घ्यायला तयार न्हाय. लई इनवण्या केल्या.”

“मग?”

“तुमच्या शाळंत सुकडी येती. भांड्याला चिकटलेली, उरलेली, तेवढी टाकत जावा त्याला. इमानी हाय. आमी आलो की घिऊन जातो.”

मी कुत्र्यांना भयंकर भीत असे. हे एका अनोळखी पुरुषाला सांगायची लाज वाटली म्हणून मी हो म्हटलं. आयुष्यातले बरेचसे चांगले निर्णय मी असेच घेतले आहेत.

ट्रक निघाला तेव्हा खंड्या मागं धावला. ओढ्यापर्यंत धावला, तिथून चढ लागतो. दुपारनंतर परत आला तो धुळीनं पांढरा होऊन, आणि बंद दारापुढं अंगाचं वेटोळं करून पडला. चार दिवस मी लांबून भांडं सरकवलं. पाचव्या दिवशी कळलं की तोही मला भितो. मी खडू उचलायला वाकले की तो पळत सुटायचा. गावातल्या कुत्र्याला एवढं व्याकरण येतं : माणूस वाकला म्हणजे दगड उचलला. मग मी त्याच्यासमोर वाकणं सोडलं. फळ्याच्या खालच्या ओळी मी जमिनीवर फतकल मारून लिहू लागले. पोरं हसायची. दोन भित्र्यांची दोस्ती जमायला अशी बरीच खटपट लागली.

त्याच्या अंगावर गोचिड्या इतक्या की कानाची आतली बाजू दिसत नव्हती. आंघोळ घालायला पाणी कुठलं? टँकर येईल तेव्हा माणसाला दोन घागरी. मी करंजाचं तेल बोटावर घेऊन एकेक गोचिड काढायची आणि तो डोकं माझ्या गुडघ्यावर टाकून कण्हत राहायचा. ते कण्हणं दुखण्याचं नव्हतं, सुखाचं होतं, हे मला आठवड्यानं उमजलं. त्या दिवसापासून माझी भीती गेली. घरापासून दूर, पहिल्या नोकरीत, त्या वाळून कोळ झालेल्या गावात रोज कुणीतरी माझी वाट बघतंय, याचं मला इतकं बरं वाटायचं की शाळा सुटायच्या आधीच माझं लक्ष दाराकडं जायचं.

आता सुकडीचं सांगते. भाजलेलं पीठ आणि गूळ. कोरडी, गोडसर, घशाला चिकटणारी. पोरांसाठी ती पोत्यांतून यायची. पहिल्या दिवशी वाटली तेव्हा मोठ्या पोरांनी झडप घातली आणि पहिलीतली एक मुलगी रिकामी वाटी घेऊन रडत उभी राहिली. मला तिचा चेहरा बघवेना. दुसऱ्या दिवशी मी नियम केला : ओळीत बसायचं, शेवटच्या वाटीत पडेपर्यंत कुणी घास घ्यायचा नाही, आणि मीही ओळीच्या टोकाला बसणार. सगळ्यांना मिळालं की पहिला घास मी घेणार, मग सगळ्यांनी. उपाशी पोरांना थांबायला लावणं क्रूर वाटेल, पण ती लवकर शिकली. थांबलं तर नक्की मिळतं याची एकदा खात्री पटली की भुकेला धीर येतो.

खंड्याला हा नियम ठाऊक नव्हता. दोस्ती जमल्यावर तिसऱ्याच दिवशी त्यानं एका पोराच्या वाटीत तोंड घातलं. पोराचा बाप काठी घेऊन आला. “बाई, ह्याला मारून तरी टाकतो न्हायतर रानात सोडून येतो,” म्हणाला. मी म्हटलं, “मला पंधरा दिवस द्या. मी शिकवते.” तो म्हणाला, “कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं, बाई.” मी म्हटलं, “शेपटाचं मला काही करायचं नाही, तोंडाचं करायचंय.”

कसं शिकवायचं हे मला तरी कुठं माहीत होतं? मी मुठीत सुकडी धरून बसले. त्यानं मूठ हुंगली, चाटली, पंजानं ओरखडली, माझ्या बांगड्या हलवल्या. मी कंटाळून तशीच बसून राहिले. मग तोही कंटाळला आणि मागं सरकून बसला. त्याच क्षणी मी मूठ उघडली. दोघंही चकित झालो. आठ दिवस हेच. मग थाळी समोर ठेवून, मग एका पोराला शेजारी बसवून, मग दहांना, मग अख्ख्या ओळीत. मी त्याला कधी ‘खा’ म्हटलं नाही की ‘थांब’ म्हटलं नाही. ओळीच्या टोकाला माझ्या शेजारी त्याची जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, थाळी असायची. तो पोरांच्या वाट्यांवरून मान फिरवत यायचा, शेवटी माझ्याकडं बघायचा. मी घास घेतला की त्याचं तोंड थाळीत.

या सगळ्यात सेक्रेटरीचं वागणं लाजिरवाणं होतं. खंड्या थाळीपुढं थरथरत थांबलेला असायचा आणि ही बया सावकाश येऊन त्याच्याच थाळीतली सुकडी खायची. तो माझ्याकडं असा बघायचा की नियम फक्त गरिबालाच का? मी सेक्रेटरीला उचलून खोलीत कोंडायची आणि ती कौलांतून परत यायची.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. विहिरी भरल्या, छावणीतली जनावरं परत आली, सोसायटीचं कुलूप निघालं. पहाटे कॅनांचा खडखडाट सुरू झाला तशी सेक्रेटरी माझा एका शब्दानं निरोप न घेता कामावर रुजू झाली. मापाच्या भांड्याला लागलेला फेस तिचा, असा काहीतरी तिचा आणि सोसायटीचा करार असावा. तोड संपली तरी दगडूमामा-हौसामावशी तिकडंच कामाला राहिले होते; त्यांचं रान धाकट्या भावानं पेरलं होतं. ज्वारी अशी आली की जुनी माणसं बांधावर नुसती उभी राहून बघायची. संध्याकाळी मी आणि खंड्या त्या बांधानं फिरायला जायचो. तो पुढं धावायचा, तुरीत गडप व्हायचा आणि अंगाला सोनेरी फुलं चिकटवून परत यायचा. हरभऱ्याच्या पानांवरची आंबट, चिकट आंब पायांना लागायची. मी गाणी म्हणायची. ऐकायला दुसरं कुणी नसल्यामुळं बरी म्हणायची. माझ्या आयुष्यात सुखाचे दिवस पुष्कळ आले, लग्न झालं, मुलं झाली. पण ते दोन महिने मी वेगळे ठेवलेत.

आणि त्याच बांधावर मला एक वाईट विचार यायचा. दगडूमामा परत येऊच नयेत. त्यांना तिकडंच चांगलं काम मिळावं, तिकडंच घर व्हावं, असं मी त्यांच्या भल्याच्या भाषेत मनाशी म्हणायची. दुसऱ्यानं सांभाळायला दिलेला जीव आहे हा, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर भाषा बदलावी लागायची.

येळवशीला तीन दिवस राहिले होते. मी तिसरीला पाढे म्हणवून घेत होते. खंड्या ओसरीवर पडला होता. त्याचे कान उभे झाले, मोडकासुद्धा, आणि मी काही म्हणायच्या आत तो ओसरीवरून उडी मारून गेला. “दगडूमामा आलं! दगडूमामा आलं!” पोरं ओरडली. मी बाहेर येऊन बघते तर तो उंच माणूस रस्त्यात गुडघ्यांवर बसलेला, खंड्या त्याचं तोंड, मिशा, कान चाटतोय, आणि मामा त्याला शिव्या देतायत. इतक्या प्रेमळ शिव्या मी आजवर ऐकलेल्या नाहीत.

मी त्याची थाळी घासून नेऊन दिली. हौसामावशी दारात उभ्या होत्या; बुटक्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, चेहरा थकलेला. “बाई, तुमचे उपकार फिटायचे न्हाईत,” म्हणाल्या. मग थाळीकडं बघून म्हणाल्या, “ती ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच. आमच्यात खापर हाय त्याला.” आवाज गोड होता. थाळी माझ्या खोलीतली होती, एवढीच अडचण. खंड्या घरात आत-बाहेर करत होता, चुलीपर्यंत जाऊन येत होता. मी थाळी घेऊन परत आले.

त्याला तिथं रुळू द्यायचं म्हणून मी समोरच्या घराकडं बघायचंच नाही असं ठरवलं. शाळेची त्या बाजूची खिडकी लावून घेतली. तिसऱ्या दिवशी सकाळी दगडूमामा पायरीवर येऊन बसले.

“बाई, खंड्या अन्नाला शिवंना झालाय.”

“म्हणजे?”

“भाकर म्होरं ठिवली की बसतो. बघत ऱ्हातो. ह्याच्याकडं बघ, त्याच्याकडं बघ. खात न्हाय. मंडळींनी दृष्ट काढली, मीठ-मिरच्या ववाळल्या. काल दूध घातलं, त्येबी तसंच.” मग अडखळत म्हणाले, “तुमी काय मंतर-बिंतर न्हाय ना घातला?”

मी त्यांच्याबरोबर गेले आणि अंगणात उभी राहिले. खापरात दुधात कुस्करलेली भाकरी होती. खंड्या धावत माझ्याकडं आला, हातांना नाक लावलं, परत खापराशी जाऊन बसला आणि माझ्याकडं बघू लागला. बरगड्या दिसायला लागल्या होत्या. मी “खा” म्हटलं. “खा रे राजा” म्हटलं. तो नुसतं शेपूट हलवत राहिला. मला तिथंच कळायला हवं होतं. पण मी परक्या अंगणात उभी होते आणि तिथं घास घ्यायचा विचार माझ्या डोक्यात येणं शक्य नव्हतं.

“दुष्काळात जगला आन सुगीत मरतोय,” दगडूमामा म्हणाले. त्यांचा हात कुत्र्याच्या पाठीवर होता. “बाई, तुमी घिऊन जावा त्याला. तुमचा लळा हाय. जगंल तरी.”

हेच तर मला हवं होतं. दोन महिने बांधावर मागितलेलं कुणीतरी आपण होऊन हातात देत होतं. मी तोंड उघडलं. पण मामांचा हात त्या पाठीवरून निघत नव्हता, आणि ज्याचा हात निघत नाही त्याच्याकडून घ्यायचं कसं? “उद्याचा दिवस बघू,” मी म्हटलं. हौसामावशी पदराला हात पुसत पुढं आल्या. “उद्या येळवस हाय. रानात या, बाई. तिथं तरी खाईल.”

दुसऱ्या दिवशी मी रानात गेले. कोपीपुढं सारवलेलं होतं, आतल्या पाच दगडांना चुना लावून कुंकवाची बोटं ओढली होती. मामांचा भाऊ मडक्यातली आंबील कडुलिंबाच्या डहाळीनं पिकावर शिंपडत रानाला फेरी मारत होता आणि अर्ध्या कानडी, अर्ध्या मराठी शब्दांत ओरडत होता. त्याचा अर्थ त्यालाही सांगता आला नसता. भज्जीचा वास, ओल्या मातीचा वास, उंड्यांवरची वाफ. घरची आठ-दहा माणसं पंगतीला बसली.

“बाई, तुमचं पान तिकडं लिंबाखाली केलंय,” हौसामावशी म्हणाल्या. “हितं उन्हाचा तरास हुईल.”

मार्गशीर्षातलं ऊन. ते अंगावर घ्यायला तर माणसं रानात येतात. पण मी लिंबाखाली जाऊन बसले. पानावर सगळं होतं, भरपूर होतं, मनापासून वाढलेलं होतं. मला राग आला का? आला. आणि भूकही लागली होती. दोन्ही खरं आहे.

खंड्यापुढं पंगतीच्या टोकाला खापर ठेवलं. त्यात उंडा, खीर, वरून तुपाची धार. सगळ्या रानाचं लक्ष त्याच्याकडं. तो खापरापुढं बसला. मग त्याची मान फिरू लागली. पहिला माणूस, दुसरा, तिसरा, एकेका पानावरून. शेवटी ती पळी घेऊन उभ्या असलेल्या हौसामावशींवर थांबली. त्यांच्यापुढं पान नव्हतं. वाढणारी बाई म्हणून त्या मागून जेवणार होत्या. मग तो वळून लांब, लिंबाखाली माझ्याकडं बघत राहिला. कुत्र्याला मोजता येतं असं मी म्हणणार नाही. पण मला एकदम सगळं कळलं. ती माझ्याच शाळेची मान होती.

कळलं आणि मी गप्प बसले. खरं सांगते, चांगली घटकाभर गप्प बसले. बोलले नाही तर तो खाणार नाही. खाल्लं नाही तर संध्याकाळी माझ्याबरोबर येईल, खोलीत थाळीपुढं बसेल, मी घास घेईन आणि तो कायमचा माझा होईल. कुणाला काही कळणार नाही. दगडूमामा पानाला हात न लावता त्याच्याकडं बघत बसले होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

“मामा,” मी उठून म्हटलं, “तो आजारी नाही. त्याला मी शिकवलंय. सगळ्यांना वाढल्याशिवाय तो खात नाही. सगळे बसले पाहिजेत, आणि पहिला घास पडला पाहिजे. शाळेतला नियम आहे.”

“मग वाढलंय की सगळ्यांला,” भाऊ म्हणाला.

“मावशींना नाही वाढलं,” मी म्हटलं. पुढचं मला बोलता आलं नाही.

हौसामावशींनी पळी खाली ठेवली. कुत्र्याकडं बघितलं, त्याची नजर कुठं जातेय ते बघितलं, आणि लिंबाखाली माझ्याकडं चालत आल्या. माझ्यापुढचं भरलं पान त्यांनी दोन्ही हातांनी उचललं, आंबील न सांडू देता पंगतीच्या टोकाला नेऊन ठेवलं, शेजारी स्वतःसाठी पान मांडलं, त्यावर हातानंच उंडा आणि भज्जी वाढून घेतली आणि मांडी घातली.

“बसा, बाई,” म्हणाल्या. “मुकं जनावर उपाशी हाय.”

मी बसले. माझा गुडघा त्यांच्या गुडघ्याला लागत होता. त्यांनी तो सरकवला नाही. मी उंड्याचा तुकडा मोडला, भज्जीत बुडवला आणि तोंडात घातला. खापराचा खडखड आवाज सुरू झाला. दगडूमामा हसले की रडले, मला नीट दिसलं नाही, कारण मीही तेच करत होते.

खंड्या त्यांच्याकडंच राहिला. पहिले काही दिवस मला फार जड गेले. मग तो शाळेची घंटा झाली की यायचा, ओसरीवर झोपायचा आणि शाळा सुटली की घरी जायचा, म्हणजे माझ्या बऱ्याच पोरांपेक्षा हजेरी चांगली. हौसामावशी पुढं कित्येक दिवस तक्रार करायच्या, “बाई, तुमच्या शाळंनं माझी पंचाईत केली. आधी ह्यास्नी वाढून मागनं निवांत जेवायची सोय ऱ्हायली न्हाय. मी बसल्याबिगर हे कुत्रं तोंड लावंना.” तक्रार करताना त्यांचा चेहरा भरलेला दिसायचा. खरोखरच त्या वर्षी त्यांच्या अंगाला थोडं मांस आलं. पुढं पुढं तो नियम खंड्या विसरला. कुणी भाकरी टाकली की खायचा, चारचौघांसारखा.

त्यापुढची येळवस आली तेव्हा मला रानात पोचायला उशीर झाला. शाळेत तपासणी होती. बांधावरून येताना बघितलं तर खंड्या विहिरीपाशी सावलीत ताणून दिलेला, पोट टम्म, तोंडाला खीर. त्याचं केव्हाच उरकलेलं. कोपीपुढं पानं वाढून झाली होती आणि सगळी माणसं हात गुडघ्यावर ठेवून नुसती बसली होती. हौसामावशींच्या शेजारी एक पान होतं, त्याच्यापुढं जागा मोकळी होती. मला बघून त्यांनी जागेवरूनच हाक मारली, “या लौकर, बाई. आंबील गरम हुतीया. सगळी थांबल्यात तुमच्यासाठी.”